लाल म्हणजे किती

माझ्या हिल्लाच्या पाळणाघराचा नकाशा स्क्रीनवर उमटला आणि तिची झोपायची खोली गडद लाल निघाली. खिडकीखाली तिची गादी असते. रोज तिला सोडताना मी आत डोकावतेच, त्यामुळे खोली ओळखायला नाव वाचावं लागलं नाही.

नगरपालिकेच्या इमारतींतला रेडॉन मोजायचं काम आमच्याकडे आहे. हा वायू इथे फिनलंडमध्ये खडकातूनच वर येतो. दिसत नाही, वास नाही, वर्षानुवर्षं फुप्फुसं मात्र खराब करतो. मोजणीचे आकडे प्रोग्रामला दिले की तो प्रत्येक इमारतीचा नकाशा रंगवून देतो. आकडे बघायच्या आधीच मी पाळणाघरातल्या राइलीला फोन लावला होता.

"राइली, हिल्लाला आज त्या खोलीत नको. बाबागाडीत बाहेर झोपव."

"बाहेर उणे वीस आहे, ऊना. उणे पंधरापर्यंत ठीक, त्याखाली आम्ही कुणालाच बाहेर झोपवत नाही."

"मग खेळायच्या खोलीत."

"झालंय काय?"

"नंतर सांगते."

"मागच्या वेळी तुझ्या 'नंतर सांगते'मधून उवा निघाल्या होत्या," राइली म्हणाली. पण गादी हलवते म्हणाली.

शेजारच्या टेबलावरून इस्मो कॉफीचा मग घेऊन आला. माझा आवाज त्याने ऐकलाच असणार.

"लाल म्हणजे किती?"

"लाल म्हणजे लाल, इस्मो. माझी मुलगी झोपते तिथे."

"रंगांची पट्टी कुठाय?"

कुठला रंग म्हणजे किती हे सांगणारी ती पट्टी मीच काढून टाकली होती. नकाशाशेजारी गर्दी वाटते म्हणून. आणि रंगांना सीमा दिल्याच नव्हत्या. सीमा दिल्या नाहीत की आमचा प्रोग्राम त्या त्या चित्रातला सगळ्यात लहान आकडा फिकट आणि सगळ्यात मोठा गडद रंगवतो. मग तो मोठा आकडा मुळात कितीही लहान असो.

"सगळी पोरं हुशार असली तरी शेवटचा नंबर कुणाला तरी द्यावाच लागतो, तसं झालं हे," इस्मो म्हणाला. "सरक, जरा बसू दे."

"नको, मीच करते."

खालची सीमा शून्य, वरची कायद्याने ठरवलेली, घनमीटर हवेला तीनशे बेकरेल. सगळ्या इमारतींना एकच पट्टी. टाइप करताना एक कंस दोनदा चुकला. मग पाळणाघर पुन्हा उमटलं, सगळंच्या सगळं फिकट पिवळं. हिल्लाच्या खोलीत अडतीस. मी तो आकडा मूळ फाइलमध्ये जाऊन पाहिला, परत पाहिला, आणि मग कुठे खुर्चीला पाठ टेकली.

राइलीला फोन केला. "गादी परत नेलीस तरी चालेल."

"ती खेळायच्या खोलीत झोपलीसुद्धा. आता मी तिला उठवणार नाही, आणि तूही पुन्हा फोन करणार नाहीस."

मी हसले. बऱ्याच वेळाने श्वास खालपर्यंत गेला.

इस्मो अजून स्क्रीनकडेच बघत होता. पुढच्या नकाशात एका शाळेचं तळघर होतं. तिथला सुतारकामाचा वर्ग सकाळी फिकट दिसला होता, कारण आजूबाजूच्या खोल्या त्याहून वाईट होत्या. आता सगळं तळघर लाल होतं.

"त्यांना फोन तू कर," तो म्हणाला. "पण आधी कॉफी पी. मघाच्या आवाजात बोललीस तर ते शाळाच रिकामी करतील."