तळाचं वर्तुळ

घराण्याचा तक्ता घरी आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉलच्या फरशीवर उमटलेला होता. कागद फाइलमध्ये होता तसाच होता, फक्त कोरा. फरशीवर बायकांची वर्तुळं, पुरुषांचे चौकोन, मधे नात्यांच्या रेघा. एकेक वर्तुळ ताटाएवढं.

माझा नवरा निरंजन ऑफिसला निघाला होता. स्वतःच्या चौकोनावर उभा राहून त्यानं बूट घातले.

"पुसून बघितलंस?"

"दोनदा. फिनेल टाकून."

"मग राहू दे," तो म्हणाला.

तक्ता काढला होता हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंनी. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, छातीत गाठ निघाली, स्तनाच्या कॅन्सरची. पुरुषाला. मग त्यांचं रक्त तपासलं, मग माझं. दोघांच्या रिपोर्टात जनुकात एकाच जागी एकच बदल निघाला. ज्यांना आजार झाला त्यांची आकृती काळी करायची, असं बाईंनी पेन्सिलीला टोक करता करता सांगितलं. अण्णांचा चौकोन काळा. माझं वर्तुळ पांढरं, मधोमध ठिपका, म्हणजे बदल आहे, आजार नाही.

"वडिलांना बहिणी?"

"दोन. दोघी काविळीनं गेल्या."

बाईंनी ती दोन्ही वर्तुळं पांढरी ठेवली. मग सगळ्यात खाली एक लहान वर्तुळ काढलं, माझ्या ठकीचं.

"हिचं काय?" मी विचारलं.

"अठरा वर्षांची झाली की तपासायचं का ते तिचं ती ठरवेल. तोवर रिकामं."

ठकी दहा महिन्यांची आहे. रांगते. फरशीवर तक्ता आला त्या सकाळपासून मी तिला खाली ठेवलं नाही.

बुधवारपर्यंत वर्तुळं परातीएवढी झाली. शुक्रवारी टीपॉय गॅलरीत न्यावा लागला. मी एका हातानं कुकर लावत होते, एका हातानं कपडे वाळत घालत होते. डावा हात ठकीच्या बुडाच्या आकाराचा झाला होता. ती झोपली की तिला निरंजनकडे द्यायचे, तरी हात सरळ होत नव्हता. तिच्या मानेला दुधाचा आंबूस वास येतो. पाजताना ती एक हात माझ्या दुसऱ्या बाजूला ठेवते, ही जागा आपली म्हणून रुमाल टाकावा तसा. मी तिथं तिच्या हाताखाली चाचपून बघायचे. काही नव्हतं. अर्ध्या तासानं पुन्हा बघायचे.

शनिवारी दुपारी आत्या आल्या. मालनआत्याला जाऊन बारा वर्षं झाली, लीलाआत्याला सहा. दोघींनी चपला दाराशी काढल्या, पदर सावरला आणि पंगतीला बसावं तशा आपापल्या वर्तुळात मांडी घालून बसल्या.

"चहा टाकू?"

"टाक की. बिनसाखरेचा," लीलाआत्या म्हणाली. "गोड नको बाई आता. अकरा महिने उसाचा रस प्यायलेय. आळीतल्या बायका तांब्या भरभरून आणायच्या. कावीळ ना मला!"

"तुला रसावर भागवलं. माझ्या गळ्यात माळ घातलेली, काविळीची," मालनआत्या म्हणाली. "आजार उतरेल तशी ती माळ लांबते म्हणतात. माझी लांबेचना. मग मीच रोज एक काडी ओवायचे चोरून. शेवटी बेंबीपर्यंत आली. बायका म्हणायच्या, आता बरी होणार मालन."

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या.

"पण का?" मी विचारलं.

"घरात मुलगी होती ना," मालनआत्या म्हणाली. "तुझं लग्न व्हायचं होतं. अण्णाच म्हणाला, कावीळ म्हणू या. काविळीला कुणी नावं ठेवत नाही."

त्या बोलत होत्या तसं त्यांच्या मांडीखालून काळं पसरत होतं. चहा होईपर्यंत दोन्ही वर्तुळं काठोकाठ भरली. दोघींनी बशीत ओतून चहा घेतला. गेल्या मात्र नाहीत.

रविवारी अण्णा आले तेव्हा वर्तुळं भिंतींना टेकली होती. अण्णा सरळ आपल्या चौकोनात जाऊन उभे राहिले, बहिणींच्या शेजारी.

"अण्णा, आत्या कशानं गेल्या?"

"काविळीनं."

"अरे, बसलोय की आम्ही इथं," लीलाआत्या म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे बघितलं नाही. शर्टाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, "हळू बोल. घरात मुलगी आहे."

ते माझ्याबद्दल नव्हतं. ते ठकीकडे बघत होते.

तेवढ्यात माझा हात सुटायला लागला. आधी बोटं, मग मनगट. ठकी कमरेवरून घसरली, मी तिला गुडघ्यानं वर ढकललं, ती पुन्हा घसरली.

"दमलीस गं," मालनआत्या म्हणाली. तिनं दोन्ही हात पुढं केले. "दे इकडं. मी घेते जरा."

लीलाआत्यानंही हात पुढं केले. अण्णांनीही.

त्यांच्याकडे द्यायची नव्हती. फरशीवर दुसरी जागा उरली नव्हती. माझ्यासमोर तळाचं वर्तुळ होतं, पांढरं, आणि त्याच्या अलीकडे वीतभर फरशी. मी वाकले आणि तिला त्या वीतभर जागेत ठेवलं.

ठकीनं एकदा मागं वळून बघितलं. हसली. मग एक हात उचलून रेघेपलीकडे टेकला, मग दुसरा, मग गुडघे. वर्तुळाच्या बरोबर मधे जाऊन ती फतकल मारून बसली.

आता तिची पाठ माझ्याकडे आहे. झबल्याची वरची नाडी सुटली आहे. तिनं तळहात उलटा करून डोळ्यांजवळ धरला आहे, काही लागलंय का ते बघावं तसा. आम्ही चौघंही माना उंच करून बघतो आहोत.