न दुखणारा दात

मी एक जुना स्क्रू आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! दाराच्या बिजागरीत बसतात त्यांतला मी नव्हे. मी एका शिंप्याच्या वरच्या जबड्यात राहतो. माझ्या डोक्यावर पांढराशुभ्र दात चढवलेला आहे. कौतुक त्याचे होते, भार मी सोसतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. टायटॅनियम धातूच्या कांडीतून मला कातून काढले, धुतले आणि एका इवल्याशा नळीत बंद केले. गप्प पडून राहणे माझ्या स्वभावातच नाही. शेजारच्या नळ्या एकेक करून बाहेर जात आणि मी आपला आत चुळबुळत राही. माझी पाळी कधी येणार?

ती आली मास्तरांमुळे, म्हणजे माझ्या या शिंप्यामुळे. जन्मभर दाताने दोरा तोडून तोडून त्यांचा पुढचा दात मुळापर्यंत चिरला होता. तो काढावा लागला आणि तेव्हापासून हा गप्पिष्ट माणूस तोंडावर हात धरून बोलू लागला. माप घेताना हात मोकळे नसत, तेव्हा तर बोलणेच बंद. दुकानात काजे-बटणे करणाऱ्या त्यांच्या बायकोला ते पाहवेना. तीच त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली.

बाईंनी हाडात छिद्र पाडून मला बसवले आणि बजावले, "काही महिने हा जराही हलता कामा नये. हाडानं याला घट्ट धरलं, की मगच वर दात बसवू. आणि मास्तर, दोरा कातरीनं तोडायचा!"

"हो, हो," मास्तर म्हणाले. दुसऱ्याच दिवशी सवयीने दोरा तोंडाकडे गेला. बायकोने कातर नाडीला बांधून त्यांच्या गळ्यातच अडकवली.

मित्रांनो, माझ्यासारख्या चळवळ्याला हलायची बंदी! जीव नुसता कासावीस होई. पण हळूहळू हाड माझ्या आट्यांत शिरले आणि त्याने मला असे धरले, की मलाच हलावेसे वाटेना. वर दात बसला. मास्तर आरशासमोर उभे राहून आधी हळूच हसले, मग मोठ्याने. त्या दिवशी मला धन्य वाटले.

पुढे वर्षे गेली आणि मी त्यांच्या अंगवळणी पडलो. ब्रश घाईघाईने फिरे, माझ्या मुळाशी पोचतच नसे. हिरडी सुजली. तिच्याखालचे हाड कडेकडेने झिजू लागले. माझा एक आटा उघडा पडला, मग दुसरा. मी घाबरून गेलो. पण सांगणार कसा? खरा दात ठणकून घर डोक्यावर घेतो. मी पडलो धातू, मला ठणकताच येत नाही.

एके दुपारी मास्तरांनी पुन्हा दाताने दोरा तोडला. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपका उमटला.

"अहो, हे रक्त कुठलं?" बायकोने विचारले.

"हिरडीचं असेल. दुखत नाही गं, उगाच काय!"

"दुखत नाही म्हणूनच चला," ती म्हणाली आणि तिने मशीनवर कापड टाकून दुकानाला कुलूपच लावले.

डॉक्टरीणबाईंनी हाडाचा एक्स-रे फोटो काढला आणि त्यात माझे उघडे पडलेले आटे मोजले. मला दम निघेना. मास्तरांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"काढावा लागेल का हो?" त्यांनी बोटांआडून विचारले.

"अजून नाही. पण गेलेलं हाड परत येणार नाही, मास्तर. उरलंय त्यावरच याला उभं राहायचंय. आणखी दुर्लक्ष केलंत, तर एक दिवस हातात येईल. तेव्हाही दुखणार नाही."

बाईंनी माझ्याभोवतीची सगळी घाण साफ केली. आता मास्तर रोज आरशासमोर ओठ वर करून माझ्या मुळाशी ब्रश फिरवतात. तरी संध्याकाळ झाली, की माझी घालमेल सुरू होते. आज विसरणार तर नाहीत?

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. तुमच्या घरात कुणा आजोबांच्या, मावशीच्या तोंडात माझा एखादा भाऊबंद असेल. जेवणे झाली, की त्यांच्यापुढे उभे राहा आणि म्हणा, "आ करा बघू." ते म्हणतील, "अरे, मला काही दुखत नाही." तरी बघा.