सिनेमाच्या शेवटून कापलेला तुकडा

मी फिल्मचा एक तुकडा. बोलतोय म्हणायचं आपलं, पण मला आवाज नाही. सिनेमाचा आवाज वेगळ्या पट्टीवर असतो, आणि माझी पट्टी केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला लावली. संकलनाच्या खोलीत कापडी अस्तराचा एक डबा आहे, त्याच्यावरच्या खिळ्याला मी लटकतोय. कापून काढलेले तुकडे इथे टांगतात. माझ्याबरोबरचे सगळे कचऱ्यात गेले, मी राहिलो. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. आता काही वाटत नाही.

मी मुळात शेवट होतो. गोष्ट एका सुनेची. तिला परगावी मुख्याध्यापिकेची नोकरी लागते आणि नेमकी तेव्हाच सासू अंथरूण धरते. सून थांबते, सासूचं सगळं करते. बरी झालेली सासू तिच्या तोंडावरून हात फिरवते, दोघी रडतात. मग मी येतो. माझ्यात सून बॅग उचलते, सासू स्वतः उठून दाराची कडी काढते, आणि सून जिना उतरून जाते. बस, एवढाच मी. पण दिग्दर्शक म्हणायचा, अख्खा सिनेमा मी या जिन्यासाठी काढलाय. सरळ माणूस. त्याची बायको नोकरी करायची, घरी सकाळचा चहा तो करायचा, आणि हे आल्यागेल्याला सांगायचाही.

संकलक बाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मला यंत्रावर इतकं पुढेमागे फिरवलं की मी त्यांना तोंडपाठ झालो.

सिनेमा तयार झाल्यावर ओळखीच्या मंडळींना दाखवला. सासूने हात फिरवला तेव्हा सगळीकडून नाकं ओढल्याचे आवाज आले. मग पडद्यावर मी आलो आणि लोक उठायला लागले. कुणी पर्स चाचपत होतं, कुणी पायाने खुर्चीखालच्या चपला शोधत होतं. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. पोटभर रडून झालं की त्यांना लगेच घराची घाई होते.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक तोंड पाडून आला. हात फिरवला तिथेच संपवू, म्हणाला.

"आणि ती जाते, ते?" बाईंनी विचारलं.

"अहो बाई, ती जाणारच, हे शेंबड्या पोरालाही कळेल."

बाईंना पटलं. दोघांनी मला इतक्यांदा पाहिलं होतं की मी नसलो तरी त्यांना मी दिसायचो. घोळ झाला तो तिथेच. बाईंनी पातं टेकवलं आणि मी सुटा झालो.

सिनेमा धो धो चालला. लोक घरच्या सुनांना मुद्दाम दाखवायला घेऊन जात होते. कुठल्याशा संस्थेने दिग्दर्शकाचा सत्कारही केला, घर न मोडणारा सिनेमा काढल्याबद्दल. तिथून तो थेट या खोलीत आला आणि खुर्चीत बसून राहिला. मी असं कुठे म्हटलंय, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. बाईंनी त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

बाईंची धाकटी बहीण हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. परगावच्या मोठ्या हॉस्पिटलात तिची बढतीवर निवड झाली होती. इकडे सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जावं की राहावं यावरून घरात धुसफूस चालू होती, आणि नवरा ना हो म्हणत होता ना नाही. मग सासूबाईच काठी टेकत सगळ्यांना सिनेमाला घेऊन गेल्या.

त्यानंतर एका दुपारी बहीण इथे आली. स्टुलावर बसली, चपला काढून पाय वर घेतले.

"ताई, नोकरी सोडली मी. तुझा सिनेमा पाहिला आणि डोकं शांत झालं. ती राहू शकते, तर मी कोण मोठी लागून गेले?"

"अगं, ती राहत नाही. ती जाते."

"कुठे जाते? सासूबाईंच्या शेजारी बसून पाहिलाय मी. कुठेही जात नाही."

बाई उठल्या. मला खिळ्यावरून काढून त्यांनी यंत्रावर चढवलं. चढवताना त्यांच्या नखाचा ओरखडा माझ्यावर उमटला. यंत्राच्या छोट्या पडद्यावर सुनेने बॅग उचलली. सासू उठली. बहीण टक लावून पाहत होती.

"कडी सासूच काढते?"

"हं."

"हे आमच्या सासूबाईंनी पाहायला हवं होतं गं."

रागावली नव्हती ती. भाजीत मीठ कमी पडलंय, इतकंच म्हणावं तसं म्हणाली. बाईंनी घाईघाईने विचारलं, अजून फोन करून बघता येईल का. बहीण म्हणाली, तिथे दुसरी रुजूसुद्धा झाली. मग तिने घड्याळ पाहिलं. सासूबाईंच्या गोळीची वेळ झाली होती. ती पायाने टेबलाखालच्या चपला शोधू लागली, आणि पडद्यावरची सून अजून जिना उतरत होती.

ती गेल्यावर बाईंनी मला शेवटपर्यंत फिरू दिलं. पुन्हा खिळ्याला अडकवलं, पण यंत्रावर परत कधी लावलं नाही. सकाळी आल्या की माझ्यावरची धूळ तेवढी फुंकतात. आता माझ्या कडा वळायला लागल्यात आणि सुनेचा चेहरा फिका पडत चाललाय. मला मात्र त्याचं काही वाटत नाही, खरंच सांगतो. तुमच्याकडे मागणं एकच. हे काय सांगायचं, सगळ्यांना कळतंच की, असं तुम्हाला जिथे वाटेल तिथे तेवढं बोलून टाका. तुम्हाला आवाज आहे.