उघडं कार्ड

निवृत्तीरावांनी पुस्तक उघडलं आणि खुणेसाठी ठेवलेलं निळं आंतरदेशीय पत्र घसरून यात्रेतल्या मांडवाच्या धुळीत पडलं. कोणी पाहिलं तर नाही ना, अशा घाईनं त्यांनी ते उचललं, फुंकर मारली आणि परत पानांत सरकवलं. दीड वर्षात ते पत्र सात पुस्तकांतून फिरलं होतं. उत्तर मात्र गेलं नव्हतं.

पत्र होनवाडीच्या दानम्माचं. देगलूर तालुक्यातलं, कर्नाटकाच्या शिवेवरचं गाव. तिनं दोन प्रश्न विचारले होते. पहिला साधा होता. वरातीची घोडी ढोल वाजला की उधळते, काय करावं? दुसरा असा: 'तुम्ही लिहिलं की डोळ्याखाली भोवरा असलेली घोडी धन्याला खाते. माझ्या घोडीला तसा भोवरा आहे आणि माझा नवरा वारला. हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे का? का पुस्तकात वाचलं?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच संध्याकाळी लिहून झालं होतं. दुसऱ्यापाशी पेन थांबलं ते थांबलंच.

निवृत्ती सोनकांबळे गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. उदगीर, मुखेड, हिमायतनगर अशी एकतीस वर्षं नोकरी झाली. आता लातूरच्या 'गोठा आणि तबेला' मासिकात ते 'अश्वसल्ला' हे सदर लिहीत. घोड्यावर ते आयुष्यात कधी बसले नव्हते. लोक डॉक्टर म्हणत, आणि 'डॉक्टर नाही हो' हे ते इतक्या हळू म्हणत की कुणालाच ऐकू जात नसे.

तीन वर्षांपूर्वी संपादक राजशेखर म्हणाला होता, "काका, वाचकांना भोवरे पाहिजेत. माणूस घोड्याचे दात नंतर बघतो, भोवरे आधी."

निवृत्तीरावांनी वाचनालयातलं एक जुनं पुस्तक काढलं आणि घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचा तक्ता तयार केला. कुठला शुभ, कुठला अशुभ. वर एक ओळ लिहिली होती, 'असं जुने लोक मानतात.' तक्ता पानात बसेना, तेव्हा ती ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं खोडली. ज्या घरात वडिलांनी छप्पन्न साली देव्हारा उतरवून ठेवला आणि त्यानंतर मांजर आडवं गेलं म्हणून कोणी कधी थांबलं नाही, त्या घरात बसून त्यांनी ते लिहिलं होतं. पत्नी सरजाबाईंनी अंक वाचून बाजूला ठेवला आणि एवढंच विचारलं होतं, "हे तुम्ही लिहिलं?"

आता तोच तक्ता चार फुटी कापडावर छापून माळेगावच्या यात्रेत त्यांच्या खुर्चीमागे लटकत होता. त्याच्या शेजारी मासिकाचं ब्रीद: 'तुमचं कार्ड, जसंच्या तसं!' वाचकाचं आलेलं पोस्टकार्ड आपण एक अक्षर न कापता छापतो, याचा राजशेखरला मोठा अभिमान होता.

घोडेबाजार भरात होता. सल्ल्यासाठी आलेला एक फेटेवाला सांगत होता, "सायेब, लई मारलं, पण उजवा पाय उचलून नाचतच न्हाई बघा."

निवृत्तीरावांनी खाली बसून खूर हातात घेतला, अंगठ्यानं कडेकडेनं दाबत गेले. एका जागी घोड्यानं पाय झटकला.

"नालाचा खिळा आत गेलाय. नालबंदाला दाखवा आधी."

"आन् चाबूक?"

"तो नालबंदाला दाखवा," निवृत्तीराव पुटपुटले. माणूस खो खो हसला. आपण विनोद केला हे लक्षात येऊन निवृत्तीराव कानापर्यंत लाल झाले.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक तरुण आत आला. मागं पांढऱ्या कपाळाची पन्नाशीची बाई, तिच्या हातात दावं, आणि दाव्याच्या टोकाला तांबूस-तपकिरी, कुमैत रंगाची उंच घोडी.

"भोवऱ्याचं लिहिणारे डॉक्टर हेच का?" तरुणानं विचारलं. "मी सिद्धराम. होनवाडीचा. ह्या माझ्या वैनी, दानम्मा."

निवृत्तीरावांनी मांडीवरचं पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"घोडीला आसूढाळ भोवरा हाय," सिद्धराम सांगू लागला. "डोळ्याच्या खाली, बघा. भाऊ गेला. तवापासून एक वरात न्हाई. नवरदेवाकडचे अंक घेऊन येतेत, बोट ठिवून दावतेत. म्हनलं इकून टाकू. गिऱ्हाईक उभं हाय तिथं. वैनी दावं सोडंना. म्हनती, ज्यानं लिहिलं त्यानं तोंडावर सांगू दे, मग सोडते. सांगा तुमी. एकदाचं मिटवा."

गिऱ्हाईक म्हणजे दूरच्या मुलखातला एक जाडजूड व्यापारी. तो चहाचा कप हातात घेऊन पुढं आला. "आमच्याकडं भोवऱ्याला कोण इचारत न्हाई," तो सहज म्हणाला. "माल चांगला हाय."

दानम्मानं त्याच्याकडं वळून पाहिलं. "म्हंजे होनवाडीत ही माणसं खाती आन् तुमच्यात गेली की कडबा खाती?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं.

"वैनी, तमाशा करू नका," सिद्धराम म्हणाला.

"तमाशा मी करून राहिले? तुझा भाऊ बिदरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली गेला. ही इकडं गोठ्यात उभी. हिनं काय फोन करून ट्रॉली बोलावली?" मग ती निवृत्तीरावांकडं वळली. तिचा आवाज खाली आला, पण मऊ झाला नाही. "अप्पा, मी पत्र टाकलं होतं. दीड वर्ष झालं. आलं का न्हाई?"

"आलं," निवृत्तीराव म्हणाले.

"मग?"

त्यांनी पुस्तकातून डोकावणारं पत्र आत सरकवलं. दानम्मानं उत्तराची वाट पाहिली नाही. "ढोलाचं मी माझं केलं. वैरण टाकायच्या टायमाला लांबून डबा वाजवायचा, रोज एक पाऊल जवळ यायचं. दोन महिने लागले. आता कानापाशी ढोल बडवा, पापणी हालत न्हाई."

मी अगदी हेच लिहिलं होतं, असं त्यांच्या ओठांपर्यंत आलं. टाकलं नव्हतं, हेही आलं. त्यांनी दोन्ही गिळलं.

राजशेखर त्यांच्या कानाशी वाकला. "काका, सोपं आहे. भोवरा बोटभर खाली आहे म्हणा. बोटभर खाली असला की दोष नाही. बाईची घोडी वाचली, आपला तक्ताही वाचला."

निवृत्तीरावांच्या मनात ते चटकन बसलं. खरंच सोपं होतं. कुणाचंच काही गेलं नसतं. ते उठले, घोडीजवळ गेले आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. केस गरगर फिरून मध्ये एका बिंदूपाशी मिटले होते. अगदी पुस्तकातल्या चित्रासारखे. घोडीनं त्यांच्या मनगटावर ऊन श्वास सोडला.

"भोवरा तसा जरा..." त्यांनी सुरुवात केली.

"न्हाई अप्पा." दानम्मानं राजशेखरचं बोलणं ऐकलं होतं. "भोवरा हाय तिथंच हाय. तिला धुती मी रोज, मला ठाव न्हाई का? तो खाली सरकवू नका. आज ही सुटंल, उद्या दुसऱ्या कुनाची बोटभर वर निघंल. मी इचारलं तेवढंच सांगा. तुमी बघितलं का?"

आता मांडवाबाहेरही माणसं थांबली होती. निवृत्तीरावांनी घोडीच्या डोळ्याखालचं बोट काढून घेतलं. एवढ्या लोकांसमोर ते उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. निरोपसमारंभातही त्यांनी लिहून आणलेला कागद शेजारच्या माणसाकडून वाचून घेतला होता.

"नाही," ते म्हणाले.

"मोठ्यानं!" फेटेवाला ओरडला. तो अजून गेला नव्हता.

"नाही पाहिलं. पुस्तकात वाचलं, आणि उतरवलं."

"म्हंजे खोटं हाय ते?" सिद्धरामनं विचारलं.

"ते पुस्तक लिहिणाऱ्याला विचारावं लागेल, आणि तो हयात नाही. मी एकतीस वर्षं जनावरं पाहिली. ह्या भोवऱ्याच्या घोड्याही पाहिल्या. त्यांना पोटशूळ झाला, खूर सडले, सर्दी झाली. धनी मेला म्हणून माझ्याकडे एकही आली नाही." ते दानम्माकडं वळले. "मी न पाहता लिहिलं. चूक माझी आहे. घोडीची नाही."

व्यापाऱ्यानं कप खाली ठेवला आणि इकडंतिकडं बघत गर्दीतून निघून गेला. दानम्मानं दाव्याचा एक वेढा मनगटाला मारला.

सिद्धरामनं घोडीच्या मानेवरून हात फिरवला. तो वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. "हितं बोललात, ठीक हाय," तो म्हणाला. "गावात काय सांगू? तिथं छापलेलं मानतेत."

"लिहून देतो," निवृत्तीराव म्हणाले आणि मासिकाचा कागद पुढं ओढला.

"हातात नगं," दानम्मा म्हणाली. "म्या हातात नेला तर म्हनतील, बाईनं यात्रेत कुनाकडून तरी लिहून आणला. टपालानं टाका. त्ये बी पाकिटात न्हाई. आमचा पोस्टमन कार्ड आलं की आधी पारावर वाचतो, मग घरी आणून देतो. लई वाईट खोड हाय त्याची." पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं. "एकदा तरी कामाला येऊ दे."

घोडीला घेऊन ती वळली. दोन पावलांवर थांबून म्हणाली, "अक्षर जरा मोठं काढा अप्पा. त्याला चष्मा लागलाय."

ती गेल्यावर राजशेखर खुर्ची ओढून बसला. "काका, बोललात ते बोललात. पण अंकात हे नको. तक्त्याच्या दोन हजार प्रती छापून पडल्यात. सदरात तुम्ही लिहिलंत तरी मी घेणार नाही, आधीच सांगतो."

"सदरात नाही लिहीत," निवृत्तीराव म्हणाले.

त्यांनी खुर्चीवर चढून तक्त्याच्या दोऱ्या सोडल्या. गाठी घट्ट होत्या, वेळ लागला. कापडाची नीट घडी घालून त्यांनी ती टेबलावर ठेवली, पुस्तक काखेत मारलं आणि बाजारातून पोस्टाकडे निघाले.

पोस्टात यात्रेमुळं पाच-सहा माणसं रांगेत होती. निवृत्तीरावांनी दोन कार्डं घेतली आणि भिंतीच्या फळीवर ठेवून लिहायला बसले. मोठं अक्षर काढायची सवय नव्हती. पहिल्या दोन ओळी वर चढल्या, पुढच्या सरळ आल्या. दोन्ही कार्डांवर मजकूर एकच. एकाच्या पत्त्याच्या बाजूला त्यांनी लिहिलं, 'दानम्मा, मु. पो. होनवाडी, ता. देगलूर.' दुसऱ्याच्या बाजूला, 'संपादक, गोठा आणि तबेला, वाचकांची कार्डे, लातूर.'

खिडकीतल्या बाईंनी कार्डं घेतली. शिक्का उचलता उचलता त्यांची नजर मजकुरावर गेली आणि तिथंच राहिली. मग आपण दुसऱ्याचं वाचतोय हे ध्यानात येऊन त्या ओशाळल्या. "माफ करा हं काका. उघडं होतं म्हणून..."

"वाचा ना," निवृत्तीराव म्हणाले. रांगेतले लोक पाहत होते. त्यांनी पुस्तक छातीशी धरलं. "मोठ्यानं वाचलंत तरी चालेल."

बाईंनी एकदा त्यांच्याकडं, एकदा रांगेकडं पाहिलं आणि कार्ड उजेडाकडं धरलं.

"प्रश्न: डोळ्याखालचा भोवरा धन्याला खातो, हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे का? उत्तर: नाही. तक्ता मी पुस्तकावरून न पाहता उतरवला. त्यावरून कोणी घोडी विकू नये, वरात अडवू नये. उत्तराला दीड वर्ष उशीर झाला, त्याचीही चूक माझी. निवृत्ती सोनकांबळे, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर नाही."

रांगेतले दोघंतिघं कार्ड बघायला पुढं सरकले. बाईंनी लातूरच्या कार्डावर शिक्का मारला. मग होनवाडीच्या कार्डावर मारला, जरा जोरात, आणि दोन्ही कार्डं मागच्या पिशवीत टाकली.