शाल आधी, एम.ए. नंतर

एकाहत्तराव्या वर्षी मी मुक्त विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घेतला आणि तिथंच घोटाळा झाला. आमच्या चिखलीत कुणी काही करणार म्हटलं की सत्कार होतो; पुढे त्यानं ते केलं का, हे पाहायला कुणाला सवड नसते. प्रवेशाच्या आठवड्यातच मला शाल-श्रीफळ मिळालं, चौकात माझ्या फोटोचं बॅनर लागलं. मग शाळा भाषणाला बोलावू लागल्या. ‘आजचं काम आजच’ या विषयावर मी इतका बोललो की प्रकल्प लिहायचा राहूनच गेला.

प्रकल्पाचा विषय होता, मुलं गृहपाठ का टाळतात. आज संध्याकाळपर्यंत तो दिला नाही तर वर्ष वाया जाणार होतं. आणि मी सदऱ्याला इस्त्री करत होतो, कारण दुपारी शालिग्राम सरांच्या शाळेत पुन्हा भाषण होतं.

तेवढ्यात सारिका आली. एकेकाळची माझी विद्यार्थिनी, आता एम.ए.ला माझ्याच वर्गात.

“सर, तुमचा प्रकल्प झाला?”

“शेवटचं प्रकरण राहिलंय.”

“पहिलं झालं काय?”

“डोक्यात झालंय.”

“आम्हाले तं तुम्ही राहिलेला गृहपाठ होईपर्यंत घरी जाऊ देत नव्हते.”

“रागावत तर नव्हतो ना?”

“मी बी नाही रागावत. कागद घ्या, चला.”

शाळेत मुलं रांगेनं बसली होती. समोर सारिका हाताची घडी घालून. ‘आजचं काम’ एवढे शब्द तोंडातून निघाले आणि पुढं जीभच रेटेना.

“मुलांनो, माझा गृहपाठ राहिलाय,” मी म्हणालो.

इतक्या टाळ्या मला कुठल्याच भाषणाला मिळाल्या नव्हत्या.

“तुम्ही का टाळता, ते सांगा. मी लिहून घेतो.”

हात वर झाले. कुणाला पेनच सापडत नाही, कुणाला अभ्यासाला बसलं की तहान लागते. सगळी माझीच कारणं. शेवटी चौथीतली गार्गी उठली.

“सर, ‘करते’ म्हटलं का घरचे तेवढ्यातच खूश होऊन जातात. मग करा कायले लागते?”

सारिकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

तिथंच बसून सगळं लिहून काढलं आणि विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राची खिडकी बंद होता होता प्रकल्प आत गेला. गार्गीचं वाक्य पहिल्या पानावर होतं.

शालिग्राम सर म्हणाले, “सत्कार ठेवू.”

“निकाल तर लागू द्या,” मी म्हणालो. पण वार कोणता, तेवढं विचारून घेतलं.