पत्र्याच्या छत्र्या

आमचे बियाण्याचे कोठार दगडी खांबांवर उभे आहे. प्रत्येक खांबाच्या गळ्याशी उघड्या छत्रीच्या आकाराचा पत्रा बसवलेला असे. चढणारा उंदीर त्याच्याखाली अडे आणि घसरून पडे. मात्र कोरड्या वर्षांत माळावर उंदीर औषधालाही उरला नाही. तेव्हा कोठार सांभाळणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या सांगण्यावरून आम्ही त्या छत्र्या उतरवल्या आणि त्याच पत्र्यांची गळक्या टाकीला ठिगळे लावली.

मग पाऊस झाला, आणि पुढच्या वर्षीही झाला. गवत कमरेला लागले, त्याचे बी जमिनीवर सांडले. जागोजागी बिळांच्या तोंडाशी ताजी माती दिसू लागली. तिसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. गवताचे बी संपले, खाणारी तोंडे मात्र उरली. कोठाराखाली लेंड्या दिसल्या तेव्हा मी म्हणालो, "ताई, छत्र्या परत लावायला हव्यात."

"आणि टाकीतलं पाणी? तुझ्या डिप्लोमाच्या कागदाची सुरळी करून तिच्यात भरून ठेवू?"

"विहिरीचं पाणी खोल गेलं असलं तरी आहे. बियाणं गेलं तर पेरणार काय? लेंड्या?"

ताई टाकीपाशी गेली. "धाकटा आहेस, धाकट्यासारखा बोल जरा," असे म्हणत तिनेच शेजारणींना हाका मारल्या. घागरी, बादल्या, पातेली भरली गेली. उरलेले पाणी तोटी उघडून सोडताना तिने तोंड फिरवले.

पत्रे सोडवून, ठोकून सरळ केले आणि खांबांना बसवले. एक इतका गंजला होता की ठोकतानाच फाटला. ताईने आपली परात आणून दिली. मी ती मधोमध कापली आणि शेवटच्या खांबाभोवती जोडली.

दिवस कलताना आम्ही दोघे कोठारात चढलो आणि शिडी वर ओढून घेतली. मग माळ हलू लागला. आधी मला ती वाळलेल्या गवताची सळसळ वाटली. पाहतो तो जमीनच चालत होती. जिथवर नजर जाईल तिथवर करड्या पाठी. दोन पावसांनी एवढे जीव घडवले होते, आणि आम्हाला दिसले होते फक्त गवत.

ते खांबांवर चढले, पडले, पुन्हा चढले. एकही वर आला नाही.

ताईने बियाण्याच्या पोत्यावर हात ठेवला. "काय रे, दुष्काळात हे सगळे होते कुठे?"

आमच्या पायांखाली पत्र्यांवर आणि त्या परातीवर, खालून वर, उंदरांचा पाऊस वाजत होता.