माझं नेमकं दुखतंय कुठं?

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. निदान आश्रुबा तरी मला तसंच म्हणतो. माझं म्हणाल तर मी नेमका कोण, याचाच मला हल्ली घोळ पडतो. ऐका आणि तुम्हीच सांगा.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथलं नव्या रंगाचा वास सोडला तर काही आठवत नाही. आश्रुबानं मला गेवराईजवळच्या आपल्या गावी आणलं. त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, माझ्या बंपरला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडलं म्हणून मला वाईट वाटलं, पण सगळे हसले, म्हणून मीही हॉर्न दिला. पुढं कितीतरी वर्षं मी कापूस वाहिला, कांदा वाहिला, गावातल्या लग्नांची वऱ्हाडं वाहिली. "आपली गाडी लई गुणाची हाय," असं आश्रुबा चारचौघांत सांगायचा. तेव्हा मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू!

एकदा ढाब्यावर आश्रुबाचा डोळा लागला आणि कुणीतरी माझ्या टाकीतलं डिझेल चोरून नेलं. आश्रुबा काय भडकला म्हणता! त्यानं टाकीला जाड लोखंडी झाकण बनवून घेतलं. आतून घट्ट रबर, वरून कुलूप आणि किल्ली त्याच्या करदोड्याला.

"आता मुंगी बी आत शिरायची न्हाई," तो म्हणाला. मालक किती जपतो, असं वाटून मीही खूश झालो.

थोड्याच दिवसांत माझं दुखणं सुरू झालं. निघताना मी ठणठणीत असायचो. तास-दीड तास पळालो की दम तुटायचा आणि मांजरसुंब्याच्या घाटात मी गपकन बंद पडायचो. आश्रुबा आधी झाकण उघडून, काठी बुडवून डिझेल बघायचा. झाकण उघडताना टाकी 'सुस्स' करायची. डिझेल तर भरपूर असायचं. मग तो मला चार शिव्या हासडायचा, स्टार्टर मारायचा, आणि मी चालू! आजारी आहे की नाटकं करतोय, हे माझं मलाच कळेना.

गेवराईचा फिटर पंडित आश्रुबाचा दोस्त. तो म्हणाला, "फिल्टर चोंदलाय." फिल्टर बदलला. मी जवळच्या दोन खेपा नीट केल्या, लांब निघालो आणि परत बंद. मग म्हणाला, "नोझल गेली रं." इंजिनात डिझेल फवारणारी ती नोझलही बदलली. सारजाबाई म्हणाली, "अवो, दिष्ट लागलीया गाडीला," आणि तिनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मी चालू झालो की ज्याचा हात शेवटी लागला असेल, तो मिशीवर ताव द्यायचा. सारजाबाईला मिशी नव्हती, पण तीही मागं नव्हती. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

शेवटी इंजिनाला डिझेल देणारा पंपच खराब ठरला. माझ्या वयाच्या गाडीला नवा पंप कुठंच मिळेना. पाटोद्याला धुळाजी नावाचा भंगारवाला आहे, त्याच्याकडं शेळ्या-मेंढ्या वाहणारा एक ट्रक तोडायला आला होता. त्याचा पंप काढून मला बसवला. तेव्हापासून कांदे वाहतानाही मला शेळ्यांचा वास येतो. देवाशपथ सांगतो, हॉर्न दाबला की 'बेंऽऽ' करावंसं वाटतं! फिल्टर नवा, नोझल नवी, पंप दुसऱ्याचा. माझ्यातला मी किती उरलो?

आणि एवढं करून मी परत बंद पडलो. आश्रुबाचा धीर सुटला. त्यानं धुळाजीला सांगून टाकलं, "तोडायला आणतो." ते ऐकून माझं इंजिन गार पडलं.

जायच्या सकाळी आश्रुबानं ते झाकण काढून घरात ठेवलं. "एवढं भारी कुलूप भंगारात कावून घालायचं?" टाकीचं तोंड उघडं राहिलं, म्हणून सारजाबाईनं जुन्या लुगड्याचा बोळा त्यात कोंबला. मग माझ्या बंपरला कुंकू लावलं आणि डोळ्याला पदर लावून तोंड फिरवलं. पंडित आश्रुबाच्या शेजारी बसला आणि आम्ही निघालो.

मी मनात म्हणत होतो, आज तरी बंद पड रे बाबा! पण छे! दम तुटेना, काही होईना. बीड मागं पडलं, मांजरसुंब्याचा घाट मी एका दमात चढलो आणि गुणी बाळासारखा थेट धुळाजीच्या दारात जाऊन उभा राहिलो. मरायला निघालो तेव्हाच बरा झालो! धुळाजी गॅसकटर घेऊन तयारच होता.

आश्रुबा खाली उतरला आणि सवयीनं डिझेल बघायला टाकीपाशी आला. किल्लीसाठी हात करदोड्याकडं गेला. मग त्याला आठवलं. त्यानं बोळा उपसला आणि तसाच उभा राहिला.

"पंडित," तो हळूच म्हणाला, "आज सुस्स न्हाई झालं रं."

पंडितनं बोळा हातात घेऊन उजेडात धरला. लुगडं विरलेलं होतं, त्यातून पलीकडचं दिसत होतं.

"आरं, डिझेल कमी होईल तशी टाकीत हवा नको का जायला?" तो ओरडला. "तुझ्या झाकणातून कुठनं जाणार? हवा न्हाई म्हणून डिझेल इंजिनाकडं येईना; झाकण उघडलं की सुस्सकन हवा आत, आन् गाडी चालू! आन् मी येडा पंप बदलत बसलो!"

आश्रुबा माझ्या चाकाला टेकून मटकन खाली बसला. "मीच नरडं आवळलं रं हिचं," म्हणाला आणि लेकरासारखा रडला. धुळाजीनं गॅसकटर आत नेऊन ठेवला आणि चहा सांगितला.

मित्रांनो, आता त्या झाकणाला पंडितनं बारीक भोक पाडलंय, कुलूप काढून टाकलंय. मी पुन्हा कांदा वाहतो. शेळ्यांचा वास अजून येतो. तो का येतो, हे मात्र कुणाला सांगता येत नाही. आपल्या माणसांना, जनावरांना, आमच्यासारख्या यंत्रांनाही जरूर जपा. पण ती मध्येच 'सुस्स' करून काही सांगत असतील, तर पार्ट बदलायच्या आधी जरा कान द्या.

परवा ढाब्यावर कुणीतरी आश्रुबाला म्हणालं, "झाकणाला कुलूप न्हाई तुमच्या, डिझेल जाईल चोरीला."

आश्रुबानं माझ्या टाकीवर हात ठेवला. "जाऊ द्या," म्हणाला, "डिझेल परत भरता येतंय."